तात्यांचा आतला संगणक

तात्यांनी नवा प्रेशर कुकर घेतला तेव्हा तो आठ दिवस पडवीतच होता. आत स्वयंपाकघरात जुना कुकर शिट्ट्या मारत होता आणि बाहेर पडवीत वेगळ्या शेगडीवर या नव्यात रोज नुसतं पाणी उकळलं जात होतं. आठव्या दिवशी त्यात बटाटे पडले, दहाव्या दिवशी डाळ, आणि मग कुठं त्याला घरात घेतलं. नव्या चपला ते आधी गच्चीवर घालून फिरत. जळोचीत प्लॉट घ्यायचा होता तेव्हा त्या मोकळ्या जागेवर घडीची खुर्ची टाकून ते कितीतरी दुपारी बसले होते. उन्हाळ्यातल्या, पावसाळ्यातल्या आणि थंडीतल्यासुद्धा. आसपासच्या लोकांना वाटलं, मालकानं राखणदार ठेवलाय. एकानं चहा आणून दिला आणि हळूच विचारलं, प्लॉट कुणी घेतला. तात्या म्हणाले, "अजून कुणी न्हाय. बघणं चालू हाय."

हे मला त्यांच्या बायकोनं, काकूंनी सांगितलं. माझी आणि तात्यांची ओळख इंदापूरच्या कॉलेजातली. मी तिथं सहा वर्षं मराठी शिकवत होते आणि ते संगणकाच्या लॅबमध्ये असिस्टंट होते. त्यांचं नाव इथं सांगत नाही. प्राचार्यांपासून कॅन्टीनवाल्यापर्यंत सगळेच त्यांना तात्या म्हणत, तेच पुरे. ते लोणी भापकरचे, मेंढपाळांच्या घरातले. कॉलेजात शिपाई म्हणून लागले होते. पहिल्यांदा संगणकांची खोकी आली तेव्हा ती उघडायचं धाडस कुणी करेना, म्हणून तात्यांना सांगितलं. त्यांनी उघडली, आणि पुढची पंचवीस वर्षं ते त्या खोलीतून बाहेर आले नाहीत, असं जुने लोक सांगायचे.

आम्ही दोघंही बारामतीहून सकाळची एसटी धरायचो. मी स्टँडजवळ राहायचे, ते जळोचीहून सायकल मारत यायचे. एसटीत ते नेहमी खिडकीशी बसत, मांडीवर डबा आणि डब्यावर एक वही. त्या वहीत काय असतं हे विचारायला मला तीन महिने लागले. त्यांनी वही माझ्या हातात दिली. आत बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'कळस – उठायला तीन मिनिटं. घड्याळ साडेपाच तास मागं. रंग बरा.' खाली, 'अंथुर्णे – प्रिंटर ओळखत नाही. स्वभाव शांत.' त्याच्याही खाली, 'सणसर – काढून टाकलं.'

"तात्या, ही तर गावं आहेत."

"गावं न्हाईत, मशीनं हायत," ते म्हणाले.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. तसं समजावणं मी वर्गात कधी कुणाचं ऐकलं नाही. जगात कुठं ना कुठं सतत नवी ऑपरेटिंग सिस्टीम निघत असते. कितीतरी फुकट मिळतात. पण चांगल्या चालत्या संगणकावर ती थेट घातली आणि बिघडली, तर संगणकच बसतो. म्हणून चालत्या संगणकाच्या आत एक खोटा संगणक तयार करायचा. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्याला थोडी जागा द्यायची, थोडी मेमरी द्यायची, आणि नवी सिस्टीम त्यात घालायची. पडद्यावर एका चौकटीत ती चालू होते. बिघडली तर चौकट पुसून टाकायची. बाहेरचा संगणक जसाच्या तसा.

"आणि त्या आतल्या सिस्टीमला कळत नाही?"

"न्हाय ना. तिला वाटतं, आपन खऱ्याच मशीनवर हाय. तिला सांगायचं न्हाय."

"मग आपण तरी कशावरनं बाहेर आहोत?" मी विचारलं.

तात्यांनी जरा विचार केला. "ते तुमच्या विषयात येतं, बाई," ते म्हणाले आणि वही परत घेतली.

आतल्या मशीनची आणखी एक सोय होती, तिला ते 'फोटो' म्हणायचे. काहीही बदल करायच्या आधी मशीन आहे तसं साठवून ठेवता येतं. बिघडलं की त्या फोटोवर परत जायचं, मग मधलं काही घडलंच नाही. ही कल्पना त्यांना फार आवडायची. स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं, मुलाला सायन्स सोडून कॉमर्सला घालतोय, की तात्या विचारायचे, "फोटो काढून ठेवलाय का?"

प्रत्येक आतल्या मशीनला ते गावाचं नाव देत. त्यातून एकदा एसटीत गोंधळ झाला. निमगाव केतकीला विड्याच्या पानांच्या टोपल्या चढत होत्या, गाडी थांबली होती, आणि तात्या मला सांगत होते, "बावडा काल चारच्या सुमाराला बंद पडला. आधी सगळं निळं झालं, मग काळं. आता उठंना."

पुढच्या सीटवरचा पागोटंवाला म्हातारा गर्रकन वळला. "काय झालं बावड्यात? मी तितलाच हाय. रात्री पोराचा फोन आलता, काय बोलला न्हाय."

तात्यांनी त्याला सगळं नीट समजावलं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं, पण तरीही त्यानं फोन काढून पोराला विचारलं, सगळं ठीक आहे ना. मग तात्यांकडं वळून म्हणाला, "दुसऱ्या गावाचं नाव द्या की ओ." तात्यांनी त्याच दिवशी ते मशीन पुसलं. जळोची हे नाव मात्र त्यांनी कधीच कशाला दिलं नाही. "तितं आपन ऱ्हातो," ते म्हणायचे. "त्येला कशाला घोळात घ्यायचं?"

आधी बघून घ्यायची ही सवय त्यांना वडलांकडून आली असावी. वडील मेंढरं घेऊन फिरायचे. नवं रान लागलं की आधी दोन म्हाताऱ्या मेंढ्या सोडायचे. त्या चरल्या आणि संध्याकाळपर्यंत धड राहिल्या, की मगच बाकीची. तात्यांनी हे मला एकदाच सांगितलं आणि पुढं म्हणाले, "मला त्या दोन मेंढ्यांचं वाईट वाटायचं. ह्या मशीनात तेवढं एक बरं हाय."

चौथ्या वर्षी ते माझ्याकडं काम घेऊन आले. त्यांना एक वाक्य हवं होतं. नव्या सिस्टीमवर मराठी नीट उमटते का हे बघायला त्यात सगळी अवघड अक्षरं पाहिजेत. मी स्टाफरूममध्ये बसून लिहून दिलं: 'वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या ज्ञानूबाईंनी कोवळी काकडी चमच्याने कोरून श्रीपतीच्या ऑफिसात क्षणभर ठेवली.'

तात्यांनी ते दोनदा वाचलं. "का ठेवली?"

"कशीही ठेवू दे. अक्षरं आली ना सगळी."

"आली. पण क्षणभरच का?"

पुढं महिनाभर एसटीत ज्ञानूबाईंची खबर मिळत राहिली. एका सिस्टीमवर 'म्हाताऱ्या'मधला ऱ्या तुटला. एकीवर श्रीपतीच्या जागी नुसती चौकोनी डबी आली. मी हसायचे. संध्याकाळची गाडी उशिरा असायची, म्हणून चारनंतर मी लॅबमध्ये जाऊन बसू लागले. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण नवी सिस्टीम पहिल्यांदा उठताना बघायला मजा यायची. काळ्या चौकटीत पांढऱ्या ओळी सरसर वर जायच्या आणि मग एकदम कुठल्या तरी डोंगराचं किंवा तळ्याचं चित्र यायचं. तात्या खुर्ची पुढं ओढून म्हणायचे, "आली. बघू काय म्हणती."

त्याच सुमाराला त्यांचं लक्ष अक्षरावरून आवाजाकडं गेलं. पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय प्रत्येक सिस्टीममध्ये असते, ती ते तपासू लागले. कानाला हेडफोन, डोळे मिटलेले. मग मला ऐकवायचे. बहुतेक आवाज हिंदीच्या वळणाचे होते. ज्ञानूबाईंची 'ग्यानूबाई' व्हायची, कोवळी काकडी 'कोवली' व्हायची, आणि चमच्याचा च तर एकीलाही आपल्यासारखा येत नव्हता.

"एवढं काय अडलंय तात्या, समजतंय ना," मी एकदा म्हणाले.

"रोज ऐकायचं म्हंजी आपल्यासारखं बोलणारं पायजे," ते म्हणाले. मी त्यावर काही विचारलं नाही.

खरं तर विचारण्यासारखं बरंच होतं. त्यांनी एका मशीनवर माऊसचा बाण अंगठ्याएवढा मोठा केला होता. टेबलाच्या कडेला ठेवलेला चहाचा ग्लास त्यांच्या कोपरानं दोनदा सांडला. एसटीत चढताना ते माणसांना खांदा लावायला लागले होते आणि 'माफ करा' म्हणायला लागले होते. मी हे सगळं पाहत होते आणि त्यातून काहीही जोडत नव्हते.

एका दुपारी मी लॅबमध्ये गेले तर तात्या बंद मॉनिटरसमोर बसून टाईप करत होते. मॉनिटरचं बटण बंद होतं, पडदा काळा होता, आणि त्यांची बोटं चालू होती. मी दाराशी बराच वेळ उभी राहिले. मला वाटलं, माणूस कामातून गेला.

"तात्या, लाईट गेलीय का?"

बोटं थांबली. त्यांनी हेडफोन काढला. "न्हाय. पडदा मीच बंद केलाय." मग जरा वेळानं म्हणाले, "बसा बाई. बघत हुतो, जमतंय का."

काचबिंदू होता. उजवा डोळा जवळजवळ गेलेला. डाव्यानं समोरचं दिसायचं, कडेचं नाही. कडेकडून अंधार आत सरकत होता. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही, पण ऑपरेशन केलं तर उरलेलं धरून ठेवता येईल. लवकर करा म्हणाले होते.

"कधी सांगितलं हे?"

"दोन महिने झालं."

"मग?"

तात्या काळ्या पडद्याकडं बघत राहिले. "केलं आणि उरलंसुरलं बी गेलं तर? मागं कसं यायचं? ह्येचा फोटो काढता येत न्हाय, बाई." मग समजूत घातल्यासारखं म्हणाले, "म्हणून आधी बघून घेतोय. समजा गेलंच सगळं, तर काम करता येतं का. घरी बी बघतो. डोळं मिटून जेवतो. मंडळींना वाटतं, जप करतोय."

"काकूंना माहीत नाही?"

"न्हाय. आणि तुमी सांगायचं न्हाय."

मी 'बरं' म्हणाले. पुढचे दोन आठवडे मी ते पाळलं. रोज एसटीत ते मला सांगायचे, आज बंद पडद्यावर एक अर्ज टाईप केला, आज एक फाईल शोधली, आज पंधरा मिनिटं लागली, काल वीस लागली होती. खरं सांगायचं तर त्यांना त्याची गोडी लागली होती. नव्या सिस्टीमबद्दल बोलावं तसं ते स्वतःच्या आंधळेपणाबद्दल बोलत होते, वहीत नोंदी करत होते. आणि पुण्याला जायची गोष्ट काढली की म्हणायचे, "एवढी एक सिस्टीम बघून हुंदे."

एका रविवारी मी जळोचीला गेले. तात्या भावाकडं लोणीला गेलेत हे मला माहीत होतं. काकू ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी इकडचं तिकडचं बोलले आणि शेवटी म्हणाले, "काकू, तात्यांच्या डोळ्यांचं..."

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या.

त्या शेंगा फोडतच होत्या. "दिवाळीपासनं. पायरी उतरायच्या आधी थांबायला लागले. आधी कधी थांबत नव्हते. तवापासनं मी घरातली एक वस्तू हलवली न्हाय. कळशी तितंच, खुर्ची तितंच. सून आलती, तिनं कॉट भिंतीला सरकवली, तर मी भांडले तिच्यासंगं. तिला कारण सांगता येईना मला. रुसून गेली ती."

"तुम्ही विचारलं नाही त्यांना?"

"ते बघत असतील अजून. बघून झालं की सांगतील म्हणलं."

"आणि ऑपरेशनचं?"

काकूंचे हात थांबले. "कसलं आपरेशन?"

मग मी सगळं सांगितलं. दोन महिने, आता अडीच झाले होते. लवकर करा म्हणालेत. उरलेलं वाचू शकतं. काकूंनी पदरातली टरफलं ओट्यावर टाकली, उठल्या, आत जाऊन पाणी प्यायल्या, आणि परत येऊन मला म्हणाल्या, "तुमी आता जावा बाई. ते यायच्या आत जावा." त्यात राग नव्हता, मला वाचवायचंच होतं त्यांना. पण मी गेल्यावर त्यांनी माझं नाव लपवलं नाही. लपवून सांगता आलंही नसतं.

पुढचं मला बऱ्याच दिवसांनी काकूंकडूनच कळलं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी एका पिशवीत दोघांचे कपडे भरले आणि तात्यांना म्हणाल्या, "चला. जाऊन बघायचं न्हाय आता, करूनच यायचं." तात्या म्हणाले, पंधरा दिवस दे, एक बघणं राहिलंय. काकू म्हणाल्या, "तुमी बघा. मी बसते." आणि पिशवी मांडीवर घेऊन त्या पायरीवर बसल्या. चहा केला नाही, स्वयंपाक केला नाही. म्हशीची धार शेजारणीनं काढली. साडेअकराच्या सुमाराला तात्या चपला घालून बाहेर आले.

ते महिनाभर रजेवर होते. परत आले ते काळा चष्मा लावून. उजवा गेला होता तो गेलाच, डाव्यातलं होतं तेवढं राहिलं. सकाळच्या एसटीत ते चढले, खिडकीशी न बसता कंडक्टरजवळच्या सीटवर बसले. मी उठून जवळ गेले.

"बाई, तुमी आमच्या घरी आला हुता."

"हो."

"बरं," ते म्हणाले आणि समोर बघू लागले.

त्यानंतर चार महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. एकाच गाडीनं जायचो, एकाच गाडीनं यायचो. कॉलेजात त्यांना लॅबमधून काढून ऑफिसात बसवावं असं काहींचं म्हणणं होतं, पण तात्यांनी प्राचार्यांना बोलावून बंद पडद्यावर प्रॅक्टिकलची सगळी यादी बनवून दाखवली आणि तो विषय संपला. हे मला शिपायाकडून कळलं. मी त्यांच्याशी बोलायला जायचे नाही. मी दिलेला शब्द मोडला होता, आणि मोडला ते बरोबर केलं असं मला रोज वाटायचं, पण तसं वाटून एसटीतला तो सव्वा तास काही कमी व्हायचा नाही.

मग एक दिवस शिपाई एक कागद घेऊन आला. रीतसर टाईप केलेला. 'मा. विभागप्रमुख, मराठी विभाग यांस. विषय : उच्चार तपासणीबाबत. सोबत जोडलेल्या शब्दांचे उच्चार संगणक बरोबर करतो किंवा कसे, हे आपल्या विभागाकडून तपासून मिळावे.' मराठी विभागात मी एकटीच होते. विभागही मीच आणि प्रमुखही मीच.

चार वाजता मी लॅबमध्ये गेले. तात्यांनी माझ्याकडं न बघता हेडफोनची वायर उपटली, आवाज स्पीकरवर आला. एकेक शब्द. मी म्हणायचे, बरोबर. मी म्हणायचे, चूक. ते टिपून घ्यायचे. आवाज एका बाईचा होता आणि खरंच बरा होता. ळ येत होता. च जवळपास येत होता. चाळीस शब्द झाल्यावर त्यांनी वायर परत खोचली आणि म्हणाले, "विभागाचे आभार." पुढच्या आठवड्यात दुसरा कागद आला. मग तिसरा. चौथ्या वेळी मी जिथं चूक म्हणाले तिथं ते म्हणाले, "आमच्या लोणीत असंच म्हणत्यात," आणि आम्ही अर्धा तास वाद घातला. त्यानंतर कागद आले नाहीत, कारण लागले नाहीत. झाल्या गोष्टीबद्दल मात्र ते एक अक्षर बोलले नाहीत, आणि मीही नाही.

दोन वर्षांनी मला सोलापूरला कायमची नोकरी लागली. निघायच्या आधी मी जळोचीला गेले. तात्या निवृत्त झाले होते. बाहेरच्या खोलीत संगणक होता आणि त्यासमोर दोन खुर्च्या. एकीवर तात्या, दुसरीवर काकू. आवाज जे सांगत नाही ते काकू सांगत होत्या. "कोपऱ्यात एक लाल ठिपका आलाय बगा." "मोठा होतोय का?" "न्हाय. लुकलुक करतोय." "मग करू दे." नवी कुठली तरी सिस्टीम त्या दोघांनी मिळून आतल्या मशीनवर घातली होती. काकूंना ती आवडली नव्हती. त्यांच्या मते आधीचीच बरी होती, हिच्यात चित्रं फार.

मला बघून काकू आत गेल्या. तात्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली. सोलापूर कसं आहे, खोली कुठं घेतली, पाणी किती दिवसांनी येतं, सगळं विचारलं. खोली घ्यायच्या आधी दोन रात्री राहून बघितलं का, हेही विचारलं. मी नाही म्हणाले. त्यांनी मान हलवली.

आतून तव्याचा वास येत होता.

"तुमी त्या दिवशी घरी येऊन सांगितलं," ते म्हणाले, "ते बरं केलं, असं मी म्हणणार न्हाय."

"नका म्हणू, तात्या."

"मी नगं म्हणलं हुतं तुमाला."

"म्हणाला होता."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि परत लावला. मग खुर्चीच्या पाठीला धरून उठले, दोन पावलं चालून मधल्या दाराच्या चौकटीला बरोबर हात लावला आणि आत तोंड करून म्हणाले, "अगं, बाई जेवून जातील. दोन भाकरी जास्त टाक."

"मघाच टाकल्यात," आतून काकू म्हणाल्या.